काळ्या गाडीचं पॉलिश: कंपाऊंड कुठलं, बफर कुठला?

निशाचर_पुणे (धागाकर्ता)

मंडळी, २०१४ ची काळी होंडा सिटी आहे. इंजिनाची तक्रार नाही, मागचा बंपर तेवढा एकदा रंगवून घेतलेला. पण रंगाची रया गेली आहे. दिवसा सावलीत बरी दिसते, पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली गेली की बॉनेटभर बारीक चऱ्यांचं जाळं. शिवाय सोसायटीच्या पार्किंगमध्ये वरच्या स्लॅबमधून पाणी ठिबकतं. त्याचे पांढरे डाग टपावर बसलेत, ते शाम्पूला दाद देत नाहीत.

एका डिटेलिंगवाल्याकडे चौकशी केली. तीन पायऱ्यांचं करेक्शन (मशीनने घोटून चरे काढणं) आणि वर सिरॅमिक कोटिंग मिळून त्याने जो आकडा सांगितला, त्याचं गाडीच्या आजच्या किमतीशी गुणोत्तर काढत घरी आलो. आता स्वतःच करावं म्हणतोय. बाजारात रबिंग कंपाऊंड, कटिंग कंपाऊंड, पॉलिश, ग्लेझ, वॅक्स असा पसारा आहे. मशीनमध्येही रोटरी आणि ड्युअल ॲक्शन. नेमकं काय घ्यावं? की हातानेच घासावं? मशीन याआधी कधी हातात धरलेलं नाही.

टपरीवरचा_तत्त्वज्ञ

पांढरी घ्यायची होती. दहा वर्षं कुणाला काही दिसत नाही. (हलके घ्या.)

रंगारी_कोल्हापूर

भावा, एवढा इचार कशाला? आमचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज, वडलांपासूनचं. रोटरी मशीन, लोकरीचं पॅड आणि थ्रीएम कंपनीचं रबिंग कंपाऊंड. त्यानंतर फोमचं पॅड आणि पॉलिश. संपला विषय. आजवर हजारो गाड्या अशाच निघाल्यात. ते ड्युअल ॲक्शन म्हणजे नुसती थरथर. रंग मारल्यावर वॉटर पेपरचे (पाणी लावून घासायच्या बारीक सँडपेपरचे) चरे काढायचे असले तर त्यानं दिवस जातो, रोटरी अर्ध्या तासात काढती.

फक्त स्पीड हजार-बाराशेच्या वर न्यायचा न्हाई, पॅड सपाट ठेवायचं आणि हात चालता ठेवायचा. एका जागी थांबला की रंग गेला म्हणून समज.

पिवळं_फडकं

वाचनखूण साठवली. माझ्या आय-टेनची पण हीच अवस्था आहे.

घोटीव_ठाणे

रंगारीभाऊंचा अनुभव मान्य, पण त्यांची शेवटची दोन वाक्यं धागाकर्त्याने परत वाचावीत. ज्याने मशीन हातात धरलेलं नाही त्याला 'थांबला की रंग गेला' असं यंत्र सुचवायचं कशाला?

फरक असा. रोटरीत पॅड एकाच अक्षाभोवती सक्तीने फिरतं. तुम्ही कितीही दाबा, मोटर ते फिरवतेच, आणि सगळं घर्षण, सगळी उष्णता खालच्या रंगात जाते. ड्युअल ॲक्शनमध्ये पॅड स्वतःभोवती फिरतं आणि त्याच वेळी केंद्रापासून थोडं बाजूला झोके घेतं. ते स्वतःभोवतीचं फिरणं मोकळं असतं. जास्त दाब दिला किंवा पॅड तिरकं झालं की फिरणं बंद होतं, नुसते झोके उरतात. म्हणजे चूक झाली की यंत्र आपणच सौम्य होतं. नवशिक्याला हेच हवं.

झोक्याचं माप मिलीमीटरमध्ये सांगतात. साध्या मशीनला ८, रूपेससारख्या इटालियन मशीनला १५ किंवा २१. झोका मोठा तेवढं काम भराभर, पण वळणदार भागावर पॅड फिरायचं थांबतं. सिटीसाठी ८ किंवा १५ पुरे. पाच ते दहा हजारांत चालण्याजोगी चिनी मशीन मिळतात. घरच्या एका गाडीसाठी रूपेस घ्यायची गरज नाही.

हाताने मात्र नको. एखादा दरवाजाचा खोबणीतला भाग ठीक, पण अख्खी गाडी हाताने सारखी घोटली जात नाही. खांदा जातो आणि पट्टे राहतात.

निशाचर_पुणे

घरी चार इंची ग्राइंडर आहे. त्याला लावायचं फोमचं चाक ऑनलाइन दीडशे रुपयांत दिसतंय. चालेल?

घोटीव_ठाणे

अजिबात नाही. ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे मारतो, रोटरी पॉलिशर सहाशे ते तीन हजार. तुम्ही लिहिताय तो प्रयोग म्हणजे रंग काढायची कृती आहे.

रंगारी_कोल्हापूर

हितं मात्र ठाणेकरांशी सहमत. ग्राइंडरला हात लावू नको.

रसायनी

मी रंगांच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे कंपाऊंडच्या ब्रँडकडे जाण्याआधी घासायचं काय आहे ते लिहिते.

पत्र्यावर आधी विद्युत-लेपनाचा गंजरोधक थर, मग प्रायमर, मग बेसकोट म्हणजे प्रत्यक्ष रंग, आणि सर्वात वर पारदर्शक क्लिअरकोट. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर हे सगळं मिळून साधारण ९० ते १५० मायक्रॉन भरतं. त्यात क्लिअरकोटचा वाटा ३५ ते ५० च्या घरात. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज घ्या. तुम्हाला दिसणारं जाळं या क्लिअरमध्ये आहे, काळ्या रंगात नाही.

पॉलिश करणं म्हणजे चरा भरणं नव्हे. चऱ्याच्या आजूबाजूचा क्लिअर चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणायचा. जोरदार कंपाऊंडिंगच्या एका फेरीत दोन-चार मायक्रॉन सहज जातात, बारीक पॉलिशने एक किंवा त्याहून कमी. गेलेला क्लिअर परत येत नाही. उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला वाचवणारी द्रव्यंही याच थरात असतात. तेव्हा 'एकदाच काय ते नितळ करू' हा हट्ट गाडीला महाग पडतो.

नखाची कसोटी माहीत असेल. चऱ्यावरून नख आडवं फिरवा. अडकलं तर तो चरा पॉलिशने जाणार नाही. त्याच्या कडा गोलसर करून तो कमी दिसेल एवढंच बघायचं.

भिंगरी_नागपूर

हे जाळं होतं कायले? आमच्या इथं गाडी पुसणारा पोट्टा रोज गोल गोल फडकं फिरवते, म्हणून गोल चरे पडते. त्याले मी सांगितलं, सरळ पुस बे. तरी गोलच दिसून राह्यले!

रसायनी

@भिंगरी, सरळ पुसलं तरी गोलच दिसणार. चरे सगळ्या दिशांना पसरलेले असतात. एका दिव्याचा प्रकाश पडला की त्या दिव्याभोवती आडवे येणारे चरेच तेवढे चमकतात, म्हणून दिव्याला केंद्र धरून वर्तुळं दिसतात. बघणारा सरकला की वर्तुळंही सरकतात. मोबाइलचा टॉर्च फिरवून बघा. त्या मुलाचा दोष दिशेचा नाही, बादलीचा आहे. एकाच बादलीतलं मातकट पाणी, एकच फडकं आणि त्याच्यात अडकलेली वाळू सात गाड्यांवर फिरते.

भिंगरी_नागपूर

आत्ता खाली जाऊन टॉर्च फिरवून आलो. वॉचमन विचारे, साहेब काय हरवलं? जाळं खरंच सोबत चालते राजेहो!

टपरीवरचा_तत्त्वज्ञ

पोट्ट्याची माफी मागा आता.

चौकटराजा

कंपाऊंडच्या प्रश्नाला कुणी हात घालणार का? डिटेलिंगचे व्हिडिओ बघून मी मेन्झेर्ना कंपनीचं ४०० नंबरचं कंपाऊंड मागवून ठेवलंय. ३८०० पण मिळत होतं, पण ४०० स्वस्त पडलं.

घोटीव_ठाणे

@चौकटराजा, झाकण उघडू नका, थांबा. मेन्झेर्नात आकडा लहान तेवढी काट (क्लिअर घासून काढायची ताकद) जास्त. ४०० सगळ्यात कडक गटात, २५०० मधलं, ३८०० शेवटच्या चमकेसाठी. मेगायर्स कंपनीकडे हा हिशेब लागू नाही. तिथे १०५ काट आणि २०५ शेवटची घोटाई. एका कंपनीचा आकडा दुसरीच्या आकड्याशी ताडून बघण्यात अर्थ नाही.

पॅडच्या रंगाचंही तेच. रूपेसमध्ये निळं सर्वात खरखरीत, मग हिरवं, मग पिवळं, पांढरं सर्वात मऊ. लेक कंट्री कंपनीच्या पॅडमध्ये पिवळं काटणारं आणि काळं शेवटचं. दोन्हीकडून एकेक 'पिवळं' घेतलंत तर एक काटेल आणि दुसरं चमकवेल. रंग बघून पॅड घेऊ नका, पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा.

रंगारी_कोल्हापूर

म्हणून म्हणतो, थ्रीएम घ्या. आकडे न्हाईत, भानगड न्हाई. ते परदेशी मेगायर्स वगैरे शौकिनांचं काम.

घोटीव_ठाणे

रंगारीभाऊ, मेगायर्स २००८ पासून थ्रीएमच्याच मालकीची आहे.

टपरीवरचा_तत्त्वज्ञ

:हहपुवा: (हसून हसून पुरेवाट)

रसायनी

कंपाऊंडमध्ये काटण्याचं काम बहुतेक वेळा ॲल्युमिनियम ऑक्साइड करतं. म्हणजे माणिक-नीलमाचंच घराणं, मोहस् मापावर ९. फरक असतो कणांच्या आकारात आणि वागण्यात. जुन्या पद्धतीच्या कंपाऊंडमधले कण घासता घासता तुटून बारीक होत जातात. सुरुवातीला काट, शेवटी घोटाई. ते पुरेसे फिरवले नाहीत, मध्येच पुसून टाकलं, तर जाडसर चरे मागे राहतात. दुसऱ्या प्रकारात कण आधीपासूनच अतिशय बारीक आणि एकसारखे असतात, ते तुटत नाहीत. मेगायर्सची १०५ आणि २०५ ही जोडी त्यातली. तिथे काट किती पडेल हे पॅड आणि दाब ठरवतात, किती वेळ फिरवलं याला तेवढं महत्त्व नाही.

म्हणून 'कंपाऊंड कुठलं' याआधी 'पॅड कुठलं' हे विचारा. तेच मधलं पॉलिश लोकरीवर टाकलं तर चांगलं काटेल, मऊ फोमवर टाकलं तर नुसतं चमकवेल. एक मध्यम पॉलिश, एक बारीक पॉलिश आणि पॅड तीन प्रकारचे, एवढ्यात घरगुती गाडीची बहुतेक कामं होतात.

आणि ढोबळमानाने बोलायचं तर होंडासारख्या जपानी गाड्यांचा क्लिअर मऊ, बऱ्याच जर्मन गाड्यांचा कडक. मऊ क्लिअरवर चरे पटकन पडतात आणि पटकन निघतातही. त्यामुळे धागाकर्त्याला कडक कंपाऊंडची गरज बहुधा पडणारच नाही. उलट काटणाऱ्या पॅडनेच नवी धुरकट जाळी उमटेल आणि ती काढायला बारीक हात फिरवावा लागेल.

आजोळची_पद्मिनी

माझ्याकडे आजोबांची १९८८ ची प्रीमियर पद्मिनी आहे, लाल. टप आणि बॉनेट खडूसारखे पांढुरके झालेत. तिला क्लिअर असेल का?

रंगारी_कोल्हापूर

ताई, त्या काळच्या साध्या रंगावर क्लिअर नसायचा. रंगच वरचा थर. मधनं कधी परत रंगवली असंल तर मात्र बघाय लागंल. कोपऱ्यात पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन घासून बघा. फडकं लाल झालं तर क्लिअर न्हाई. भिऊ नका, लाल व्हायचंच. वरचा मेलेला रंग निघाला की खालचा ताजा दिसतो. पण रंग जुना आणि कोरडा असतोय. मशीन लावायच्या आधी हातानं तेलकट ग्लेझ मुरवा, एक रात्र तसंच राहू द्या, मग बारीक पॉलिश. लोकरीचं पॅड तिला अजिबात लावू नका. प्रायमर दिसाय लागला की गेली.

आणि कडा! बॉनेटची धार, दाराची धार, बॉडीची लाइन. भाकरी थापताना कड पातळ पडती तसा रंग धारेवर पातळच बसतोय. तिथं आधी मास्किंग टेप मारा, मगच मशीन फिरवा.

घोटीव_ठाणे

लोकरीचं पॅड नको, हे रंगारीभाऊंनी लिहिलंय. या प्रतिसादाचा स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

रंगारी_कोल्हापूर

गाडी बघून औषध, ठाणेकर. सगळ्यास्नी एकच गोळी तुम्ही देताय.

मंदारवड_ट्रॉय

मिशिगनहून लिहितोय. इथे जाळं पडतं ते ब्रशवाल्या ऑटोमॅटिक वॉशमुळे. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते धुवायला लोक दर आठवड्याला त्या बोगद्यात गाडी घालतात. वसंतात घरोघरी गॅरेजमधून ड्युअल ॲक्शनची घरघर ऐकू येते. हार्बर फ्रेट या हत्यारांच्या दुकानातलं स्वस्त मशीन घेऊन सुरुवात करायची, हा इथला रिवाजच आहे. धागाकर्त्याचं कुणी इकडून येणार असेल तर मशीन मागवता येईल, इथे बरीच स्वस्त पडतात.

निशाचर_पुणे

मावसभाऊ पुढच्या महिन्यात न्यू जर्सीहून येतोय! त्याला सांगू का?

रसायनी

नको. तिकडचं मशीन १२० व्होल्टचं. आपल्या २३० च्या प्लगला थेट लावलंत तर मोटर जळेल. स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर मशीनच्या वॅटला पुरेल असा घ्यायचा, तो जड आणि महाग, वर वॉरंटी इथे चालणार नाही. पॅड आणि पॉलिश खुशाल मागवा, त्यांना वीज लागत नाही. मात्र बाटल्या चेक-इन बॅगेत, आणि विमान कंपनीचे नियम आधी बघून.

मंदारवड_ट्रॉय

बरोबर, व्होल्टेज डोक्यातून निसटलंच होतं. मागच्या खेपेला आईसाठी मिक्सर नेऊ नको असं मलाच कुणीतरी याच कारणासाठी सांगितलं होतं.

रत्नांग्रीकर

आमच्याकडे दोन गोष्टी. एक, जांभ्याची लाल धूळ. पांढऱ्या गाडीवर बसली की कोरड्या फडक्याने पुसायची नाही, आधी भरपूर पाणी मारून उतरवायची. पुसाल तर ती धूळच वॉटर पेपरचं काम करते. दोन, समुद्राचं वारं आणि ऊन. शेजाऱ्यांच्या गाडीचा टप मधोमध पांढरट होऊन पापुद्रे सुटायला लागले होते. त्यांनी एका गॅरेजात रबिंगला टाकली. परत आली तेव्हा पापुद्र्यांची जागा तळहातावरून ताटाएवढी झालेली.

रसायनी

तो क्लिअरच खालच्या थरापासून सुटला आहे. त्यावर कुठलंही पॉलिश उपयोगाचं नाही, कड आणखी उचलली जाते. तिथे घासून परत रंगकाम हाच उपाय. रबिंगला गाडी घेण्याआधी त्या गॅरेजने हे सांगायला हवं होतं.

लिंबू_मिरची

अवांतर: दसऱ्याच्या पूजेबद्दल कुणी का लिहीत नाही? आमच्या गाडीच्या बॉनेटवर ओल्या कुंकवाचा स्वस्तिक दर वर्षी. वर झेंडूचा हार, तोही तारेत ओवलेला, आणि तो घालून घरातले सगळे देवदर्शनाला जाऊन येणार. ग्रिलच्या वर तारेने कोरलेल्या दोन रेघा आहेत, नख अडकतं.

पिवळं_फडकं

आमच्याकडे पूजेनंतर सासरे नारळ बोनेटवरून ओवाळतात आणि बोनेटवरच टेकवतात. बोलायची सोय नाही.

आजोळची_पद्मिनी

स्वस्तिक काचेवर काढा. हार सुतळीत ओवून घ्या आणि गाडी हलवायच्या आधी उतरवा. कुंकू लगेच धुतलं तर जातं. आमच्या लाल गाडीवर तसंही काही दिसत नाही.

घोटीव_ठाणे

मूळ धाग्याकडे. निशाचर, मशीन लावण्याआधीची कामं, नाहीतर सगळं वाया. नीट धुवा. मग हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोटं रंगावरून अलगद फिरवा. उघड्या हाताला कळत नाही तो खरखरीतपणा पिशवीतून कळतो. खरखर लागली तर क्ले बार (रुतलेली घाण ओढून घेणारी मऊ मातीसारखी वडी) फिरवा, भरपूर शाम्पूच्या पाण्यावर, दाब न देता. रेल्वेमार्गाजवळ राहत असाल तर लोखंडाचे कण रुतलेले असतील. त्यासाठी आयर्न रिमूव्हर मारा. तो लोखंडाला लागला की जांभळा होतो.

पॅड मात्र चार-पाच तरी घ्या. एकाच पॅडवर अख्खी गाडी केली की ते तापतं, निघालेल्या रंगाच्या भुकटीने भरतं आणि मग काटत नाही, नुसतं लेपतं. प्रत्येक भागानंतर ब्रशने झाडायचं. काम सावलीत, पत्रा गार असताना. दोन बाय दोन फुटांचा भाग, वाटाण्याएवढे चार थेंब, आधी मशीन बंद असताना पसरून घ्या, मग सावकाश आडवे-उभे हात. बंपर प्लास्टिकचा आहे, तो उष्णता पसरवत नाही, तिथे दाब आणखी कमी.

निशाचर_पुणे

आणि ते स्लॅबचे पांढरे डाग?

रसायनी

तो चुना आहे. सिमेंटमधला चुना पाण्याबरोबर झिरपतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन गाडीवर कॅल्शियम कार्बोनेट होऊन बसतो. ब्लेडने खरवडू नका. पांढरा व्हिनेगर निम्मं पाणी घालून फडक्यावर घ्या, डागावर एक-दोन मिनिटं ठेवा, उन्हात नाही आणि सुकू द्यायचं नाही, मग भरपूर पाण्याने धुवा. बारीक फेस आला तर समजा काम करतंय. डाग जाईल. खाली गोल खळगा उरला असेल तर चुन्याच्या अल्कलीने क्लिअर खाल्लेला आहे. तो पॉलिशने थोडा कमी होईल. पूर्ण काढायच्या मागे लागू नका.

चौकटराजा

टूथपेस्टने जातं असं ऐकलंय.

टपरीवरचा_तत्त्वज्ञ

आधी गाडीच्या हिरड्यांमधून रक्त येतंय का ते बघा.

रसायनी

टूथपेस्टमध्ये बारीक घासणारे कण असतात, त्यामुळे पिवळ्या हेडलाइटवर थोडा फरक पडतो. तो आठवडाभर टिकतो, कारण त्या पॉलिकार्बोनेटवरचा अतिनील-रोधक थर गेलेला असतो आणि पेस्ट तो परत देत नाही. रंगावर नको.

कुलकर्णी_काका

चर्चा उत्तम. एक शंका. आमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये दर सर्व्हिसला 'बॉडी पॉलिश' म्हणून पैसे घेतात. गाडी त्या दिवशी आरशासारखी असते, तीन पावसांनंतर चरे जिथल्या तिथे. हे काय गौडबंगाल?

घोटीव_ठाणे

काका, ग्लेझ. त्यातली तेलं आणि मेणं चऱ्यात भरून बसतात, प्रकाश विखुरत नाही, चरा दिसत नाही. धुण्यात ते निघून गेलं की मूळ पदावर. तपासायचं असेल तर पाणी मिसळलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन एक भाग पुसा. भरलेलं निघून येतं आणि खरं चित्र समोर येतं. स्वतः पॉलिश करतानाही प्रत्येक चाचणीनंतर हे पुसणं करायचंच, नाहीतर आपण आपलीच फसवणूक करतो.

रंगारी_कोल्हापूर

ग्लेझला उगाच बदनाम करू नका. गाडी विकायची असंल, लग्नाला न्यायची असंल, तर क्लिअर कशाला कमी करायचा? भरून टाका, चमकवा. गिऱ्हाइकाला खरं सांगून केलं तर त्यात वाईट काय?

रसायनी

यावर मी रंगारीभाऊंच्या बाजूने. जिथे क्लिअर आधीच पातळ झालाय तिथे भरणं हेच शहाणपणाचं.

कुलकर्णी_काका

खरं सांगून केलं तर, हे महत्त्वाचं. आमच्याकडे बिलावर 'पेंट रिस्टोरेशन' लिहितात.

निशाचर_पुणे

अपडेट. ८ मिमीचं मशीन घेतलं, एक मध्यम आणि एक बारीक पॉलिश, आणि फोमची पॅड. मित्राकडून जाडी मोजायचं यंत्रही मिळालं. टपावर ९५ ते १०५ मायक्रॉन, दरवाज्यांवर ११० च्या आसपास, पण डाव्या मागच्या दरवाज्यावर २६०! मी तर हा दरवाजा कधी रंगवलेला नाही. गाडी पहिल्या मालकाकडून 'नॉन-ॲक्सिडेंटल' म्हणून घेतली होती. बंपरवर यंत्र काहीच दाखवत नाही.

डिकीच्या झाकणावर टेप लावून चौकोन आखला. आधी मऊ पॅड आणि बारीक पॉलिश, काही विशेष नाही. मग मधलं पॅड आणि मध्यम पॉलिश, अल्कोहोलने पुसलं, टॉर्च मारला. टेपच्या एका बाजूला जाळं, दुसऱ्या बाजूला जवळजवळ काही नाही. किंचित धुरकटपणा होता, तो बारीक पॉलिशच्या हाताने गेला. फोटो बघा.

घोटीव_ठाणे

झकास! हीच जोडी पूर्ण गाडीला. कडक कंपाऊंडची गरज पडली नाही ना. बंपर प्लास्टिकचा, साधं यंत्र फक्त धातूवरचा थर मोजतं.

रंगारी_कोल्हापूर

२६० म्हंजे दरवाजा रंगवलाय, पण लांबी भरलेली नसावी. पुट्टी असती तर आकडा पाचशे-हजारच्या वर गेला असता. नुसता चरा काढायला मारला असंल. काम बरं केलंय, तुला इतकी वर्षं कळलं न्हाई.

निशाचर_पुणे

रंगारीभाऊ, रंगवलेला थर जाड म्हणून त्या दरवाज्यावर जास्त घासलं तर चालेल?

रंगारी_कोल्हापूर

न्हाई. २६० मध्ये जुना रंग पण आलाच की. वरचा क्लिअर किती ते यंत्र सांगत न्हाई. गॅरेजचा क्लिअर भट्टीतल्या कारखान्याच्या क्लिअरएवढा कडक नसतोय बऱ्याचदा. कमी घासून बघ आधी.

लिंबू_मिरची

सगळं घोटून झाल्यावर परत तोच मुलगा तीच बादली घेऊन येणार, त्याचं काय?

निशाचर_पुणे

त्याच्याशी बोललो. पैसे तेवढेच, पण माझ्या गाडीला रोज हात लावायचा नाही, फक्त आतून आणि काचा. बाहेरून आठवड्यातून एकदा मी धुणार, दोन बादल्या (एक शाम्पूची, एक मोजा खळबळायची), मायक्रोफायबरचा मोजा. तो खुश आहे. सोसायटीतले एक काका मात्र विचारून गेले, 'त्याला काढलंत का हो?' बोअरचं पाणी जड आहे, त्यामुळे धुतलं की लगेच टिपावं लागतं, नाहीतर थेंबांचे नवे डाग.

भिंगरी_नागपूर

मले एक सांगा. माझी बुलेट मॅट काळी आहे. टाकीवर जीन्सच्या बटणानं थोडी घासल्यासारखी चमक आली. तिच्यावर कोणतं पॉलिश मारू?

रसायनी

कुठलंच नाही! मॅट क्लिअरमध्ये प्रकाश विखुरणारी द्रव्यं घातलेली असतात, म्हणून तो खडबडीत दिसतो. घासलं की पृष्ठभाग सपाट होतो आणि तिथे चकाकणारा डाग पडतो. तो परत मॅट करता येत नाही, अख्खी टाकी रंगवावी लागते. मॅटसाठीचा शाम्पू, बस्स. बटणाजवळ टँक पॅड चिकटवा.

भिंगरी_नागपूर

बरं झालं विचारलं. मशीन प्लगले लावून होतं.

रंगारी_कोल्हापूर

कंचं मशीन?

भिंगरी_नागपूर

ग्राइंडर.